बर्फाखालचा विसर्ग: उल्हासवरची मोजणीची पद्धत लडाखला कुठवर चालते?

कल्याण_सर्वेक्षण

नमस्कार मंडळी. लडाखमधल्या सुरू नदीला मिळणाऱ्या एका उपनदीवर लघु जलविद्युत प्रकल्पाचा प्राथमिक अहवाल करायचा आहे. बारमाही वीज किती मिळेल हे हिवाळ्यातल्या किमान विसर्गावर (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्यावर) ठरणार, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष मोजणी करायची आहे. पात्र साधारण १८ मीटर रुंद, खोली एक ते दीड मीटर. मे ते ऑक्टोबरच्या मोजण्यांवरून पातळी-विसर्ग वक्र (पाण्याच्या पातळीवरून विसर्ग देणारा आलेख) तयार आहे. डिसेंबरच्या मध्यापासून पात्रावर सलग बर्फ असतो.

टीम मुंबईची आहे आणि सरितामापन (नदीच्या प्रवाहाची मोजणी) आजवर उल्हास, भातसा अशा नद्यांवरचं. सामान म्हणजे प्रवाहाचा वेग मोजणारा कपवाला प्राइस मीटर (करंट मीटर), त्याचाच छोटा प्रकार पिग्मी, मीटर धरायचा वेडिंग रॉड आणि फेरे मोजणारा गणक. उथळ जागी पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एक वाचन घेतो. पाऊण मीटरपेक्षा खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर दोन वाचनं घेऊन सरासरी काढतो.

विचारायचं ते असं. बर्फाखाली हेच बिंदू चालतील का? खोली बर्फाच्या वरून धरायची, छिद्रातल्या पाण्यापासून की बर्फाच्या तळापासून? गेजपट्टीवरची पातळी रोज मिळणार आहे, तर हिवाळ्यातला विसर्ग तयार वक्रावरून काढता येईल का? आणि मीटर गोठतो म्हणतात, त्यावर काय करतात?

तळरेषा

तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच. उन्हाळी वक्र हिवाळ्यात अजिबात वापरू नका. आकडा थोडा चुकेल असं नाही, दुपटी-तिपटीने चुकेल.

कारण साध्या गणितात दिसतं. उघड्या पात्रात पाण्याला घर्षण फक्त तळाचं आणि काठांचं. वर बर्फ बसला की पाण्याला छतही मिळतं आणि ओला परीघ (पाणी टेकतं त्या कडेची लांबी) जवळजवळ दुप्पट होतो. रुंद पात्रात जलीय त्रिज्या (क्षेत्रफळ भागिले ओला परीघ) निम्मी होते. प्रवाहाचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात ती २/३ घातात येते, म्हणून तीच खोली आणि तोच उतार असला तरी वेग ०.६३ पट उरतो. तेवढाच विसर्ग पुढे जायचा तर पाण्याची खोली १.३२ पट व्हावी लागते. त्यात तरंगत्या बर्फाचा बुडालेला भाग मिळवा. उन्हाळ्यात १ मीटर खोलीने जाणारा विसर्ग अर्धा मीटर जाड बर्फाखालून जायचा असेल, तर १.३२ मीटर पाणी आणि बुडालेला बर्फ ०.४६ मीटर, म्हणजे गेजपट्टीपाशी १.७८ मीटर दिसणार. तो आकडा उघड्या पाण्याच्या वक्रात टाकलात तर विसर्ग खऱ्याच्या अडीचपटीहून जास्त निघतो. हे गणित बर्फाचा आणि तळाचा खडबडीतपणा सारखा धरून केलं आहे. प्रत्यक्षात बर्फाची खालची बाजू सुरुवातीला ओबडधोबड असते आणि पुढे पाण्याने झिजून गुळगुळीत होत जाते. त्यामुळे ‘हिवाळ्याचा वेगळा वक्र’ काढायचा प्रयत्नही फसतो. डिसेंबरात बसवलेला फेब्रुवारीत जुळत नाही.

म्हणून हिवाळ्यात विसर्ग मोजायचा तो मोजणीनेच. दोन मोजण्यांच्या मधले दिवस भरताना हवेचं तापमान आणि जवळच्या एखाद्या उघड्या वाहणाऱ्या केंद्राचा कल बघायचा. पातळीचा उपयोग तिथे एवढाच, की अचानक उडी दिसली तर बर्फात काहीतरी घडलं हे कळतं. पाऊस नाही आणि वितळणं थांबलेलं, त्यामुळे भर हिवाळ्यात विसर्ग संथपणे उतरत जातो आणि लॉग-कागदावर मोजण्यांच्या मधली रेघ बऱ्यापैकी सरळ ओढता येते.

याला एक अपवाद आहे आणि तुमच्या अहवालासाठी तो मोलाचा आहे. पात्र गोठायला लागतं त्या आठवड्यात बरंच पाणी बर्फ होऊन पात्रातच अडतं, शिवाय वरच्या भागात पातळी चढल्याने तिथेही साठतं. तेवढ्यापुरता विसर्ग एकदम खाली जातो आणि मग सावरतो. हंगामातला नीचांक फेब्रुवारीऐवजी याच काळात सापडू शकतो. नुसत्या जानेवारी-फेब्रुवारीच्या दौऱ्यात तो हातातून जाईल. गोठण्याच्या सुमाराला एक, भर हिवाळ्यात दोन-तीन आणि बर्फ सुटण्याआधी एक, इतक्या मोजण्या तरी धरा.

बिंदूंबद्दल: उघड्या पाण्यात वेग वर जास्त आणि तळाकडे कमी होत जातो, म्हणून ०.६ खोलीवरचा वेग सरासरीच्या जवळ येतो. बर्फाखाली तो वरही शून्य आणि खालीही शून्य, सर्वांत जास्त वेग मध्याच्या आसपास. तिथे ०.६ चं वाचन सरासरीपेक्षा जास्त येतं, त्याला ०.९२ ने गुणतात. मध्यावर, म्हणजे ०.५ वर घेतलं तर ०.८८ ने. पण ०.२ आणि ०.८ ची सरासरी बर्फाखालीही गुणकाशिवाय चालते. तुमच्या खोलीला दोन बिंदूच घ्या. एक-बिंदू पद्धत फक्त काठाकडच्या उथळ छिद्रांना ठेवा.

बर्फछिद्र

वरचं सगळं बरोबर. मी छेद (नदीच्या आडवी मोजणीची रेघ) आणि खोलीचं सांगतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात.

मोजणीचा छेद उन्हाळ्यातच ठरवून काठांवर खुणा ठोकून ठेवा. सरळ पात्र, सारखा तळ आणि लगेच खाली एखादी खळखळती उथळ जागा असेल तर उत्तम. वरून वाहत आलेला बर्फाचा चिखल (बारीक बर्फसुयांचा लगदा) डोहात शिरताच वरच्या टोकाला अडकतो आणि डोहाचं खालचं टोक त्या मानाने मोकळं राहतं. प्रवाहाची दिशाही उन्हाळ्यातच टिपून घ्या. कपवाला मीटर तिरक्या प्रवाहातही तितकाच फिरतो आणि बर्फाखाली तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही. छेद प्रवाहाला काटकोनात नसेल तर विसर्ग गुपचूप वाढून येतो.

तिथे पोचल्यावर सगळी छिद्रं एकदम पाडत सुटू नका. आधी रुंदीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर तीन छिद्रं पाडून बघा. चिखल भरलेला असेल किंवा एकाच बाजूने प्रवाह जात असेल तर छेद बदला. ठीक असेल तर पुढची पाडा. एकूण २० ते २५ उभ्या रेषा (मोजणीच्या जागा, प्रत्येकी एक छिद्र) हव्यात. एका रेषेच्या वाट्याला एकूण विसर्गाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये आणि १० च्या वर तर कधीच नाही, म्हणजे मध्यात जवळजवळ आणि काठाकडे विरळ. १८ मीटरला सरासरी पाऊण ते एक मीटर अंतर पडेल. छिद्र २० सेंटीमीटरचं पाडा. मोठ्या प्राइस मीटरचं चक्रच १२.७ सेंटीमीटर व्यासाचं असतं.

काठ शोधायलाही छिद्रं लागतात हे विसरू नका. किनाऱ्याजवळ बर्फ थेट तळापर्यंत गोठलेला असतो. पाण्याची कड म्हणजे बर्फाचा तळ आणि नदीचा तळ जिथे मिळतात ती जागा. वरून दिसणाऱ्या बर्फाच्या कडेपर्यंत क्षेत्रफळ धरलं तर नसलेलं पाणी मोजलं जातं.

आता खोली. प्रत्येक छिद्रात तीन मापं घ्या, सगळी छिद्रातल्या पाण्याच्या पातळीपासून किंवा तिच्याशी जोडून: बर्फाची जाडी, पाण्याच्या पातळीपासून बर्फाच्या तळापर्यंतचं अंतर आणि पाण्याच्या पातळीपासून नदीच्या तळापर्यंतची खोली. बर्फाचा तळ शोधायला खाली आडवा आकडा असलेली मापनपट्टी लागते. ती खाली घालून फिरवायची आणि वर ओढून बर्फाला अडकवायची. लोखंडी पट्टी वाकवून कुठल्याही वर्कशॉपमध्ये करून मिळते, आकडा १० सेंटीमीटरचा ठेवा आणि चारी बाजूंनी टेकवून बघा.

एक छिद्र आकड्यांत मांडतो. बर्फ ४५ सेंटीमीटर. पाण्यापासून बर्फाच्या तळापर्यंत ०.४१ मीटर. पाण्यापासून नदीच्या तळापर्यंत १.४० मीटर. वाहत्या पाण्याची खोली १.४० वजा ०.४१, म्हणजे ०.९९ मीटर. वरचा बिंदू ०.४१ अधिक ०.९९ चे ०.२, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली ०.६१ मीटर. खालचा बिंदू ०.४१ अधिक ०.९९ चे ०.८, म्हणजे १.२० मीटर. वरच्या बिंदूवर ४५ सेकंदांत २५ फेरे आणि खालच्यावर ४६ सेकंदांत २३ फेरे मिळाले असं धरू. मीटरचं समीकरण, उदाहरणापुरतं, वेग = ०.६७ × फेरे प्रति सेकंद + ०.००५. वेग आले ०.३८ आणि ०.३४, सरासरी ०.३६ मीटर प्रति सेकंद. या रेषेच्या वाट्याची रुंदी ०.८ मीटर, तर विसर्ग ०.९९ × ०.८ × ०.३६ = ०.२८५ घनमीटर प्रति सेकंद. इथे खोली चुकून १.४० धरली तर ०.४०३ येतो, ४१ टक्के जास्त. आणि ही चूक प्रत्येक रेषेत एकाच दिशेने होते, त्यामुळे बेरजेत कुठेही भरून निघत नाही.

मोकळ्या तरंगत्या बर्फाचा साधारण ९२ टक्के भाग पाण्यात असतो. वरच्या उदाहरणात ४५ चे ४१ म्हणजे जुळतं. जुळत नसेल तर थांबा. पाणी छिद्रातून वर उसळून बर्फावर पसरलं, तर वरच्या हिमाच्या वजनाने बर्फ दबलेला आहे. पातळी स्थिर होईपर्यंत मापं घेऊ नका. उलट पाणी बर्फाच्या तळाच्याही खाली गेलेलं आणि मध्ये हवेची पोकळी दिसली, तर बर्फ काठांवर टेकून अधांतरी आहे. तिथे पाण्याला वरून घर्षणच नाही, म्हणून त्या रेषेला उघड्या पाण्याचे नियम लागू होतात, ०.६ ला गुणक नाही. आणि असा बर्फ पायाखाली धोक्याचा.

कल्याण_सर्वेक्षण

तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. आकड्यांचं उदाहरण थेट नोंदवहीत उतरवून घेतलं. बर्फाचा चिखल आला तर त्याची जाडी कशी काढायची? आणि मीटर गोठण्याचं राहिलं.

कपमीटर

चिखलाची जाडी मीटरनेच काढता येते. मीटर खाली मोकळ्या पाण्यात नीट फिरतोय याची खात्री करा, मग हळूहळू वर घ्या. चक्र फिरायचं थांबलं ती जागा म्हणजे चिखलाचा तळ. तीच ‘बर्फाचा तळ’ धरून वाहती खोली काढा.

हा चिखल येतो कुठून ते समजलं तर मोजणीची वेळही निवडता येते. उघड्या खळखळत्या भागात कडक थंडीच्या रात्री पाणी शून्याच्या अगदी किंचित खाली, एका अंशाच्या काही शतांश इतकं थंड होतं आणि त्यात बर्फाच्या बारीक सुया तयार होतात. त्या ज्याला लागतील त्याला चिकटतात: एकमेकींना, दगडांना, तुमच्या रॉडला. तळाला चिकटलेला बर्फ पाणी अडवतो, पहाटे पातळी चढते आणि सकाळी ऊन लागल्यावर तो सुटून वर येतो, की पातळी उतरते. गेजपट्टीवरचा तो चढउतार म्हणजे विसर्ग वाढला असं नव्हे. असा बर्फ पात्र गोठण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत जास्त त्रास देतो. तेव्हा भल्या सकाळी मोजू नका, ऊन वर येऊन पातळी स्थिरावल्यावर सुरू करा.

मीटर पाण्यात गोठत नाही, बाहेर काढल्यावर गोठतो. उणे १५ ला ओल्या कपांवरचं पाणी बघता बघता बर्फ होतं. म्हणून सगळी छिद्रं आधी पाडून, खोलीची मापं घेऊन ठेवा. मग मीटर एका छिद्रातून काढून थेट पुढच्यात, मध्ये नोंदी लिहीत बसायचं नाही. बुडवल्यावर लगेच मोजू नका, मिनिटभर पाण्यात ठेवा. गोठलेलं चक्र बोटाने फिरवायचं नाही, धुरीचं (चक्राच्या आसाचं) टोक दुखावतं आणि मीटरचं समीकरण बदलतं. थर्मासमधलं गरम पाणी सोबत ठेवा. छिद्रात मीटर शक्य तितका वरच्या प्रवाहाच्या कडेला धरा. छिद्रातलं पाणी वरखाली हलत असतं आणि मध्यभागी ते कपांना फसवतं. प्रत्येक बिंदूवर किमान ४० सेकंद द्या.

निघण्यापूर्वी आणि आल्यावर फिरकी चाचणी करा. बंद खोलीत, वारा नसताना चक्र फुंकर मारून सोडा. चांगला प्राइस मीटर चार मिनिटांच्या आसपास फिरतो. दोन मिनिटांच्या आत थांबला तर धुरी, कप आणि संपर्क-कोठी (फेऱ्यांचा संकेत देणारा भाग) साफ करून पुन्हा बघा. पोकळ धातूच्या कपांत चिखल भरतो, त्यासाठी प्लॅस्टिकचे भरीव कप मिळतात. ते लावलेत तर त्यांचं स्वतंत्र समीकरण घ्या, धातूच्या कपांचं चालणार नाही. अंशांकन (कॅलिब्रेशन) पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात होतं. मीटर रॉडवर वापरणार असाल तर तसं सांगून रॉडवरच करून घ्या. पिग्मी उथळ काठासाठी ठेवा, चिखलात तो पहिला अडकतो.

ध्वनीलहरींनी वेग मोजणाऱ्या डॉप्लर मीटरला फिरणारा भाग नाही, त्यामुळे बर्फात तो सोयीचा. अडचण अशी, की हिवाळ्यातलं पाणी नितळ असतं आणि ध्वनी परतवायला कण पुरेसे नसतात. पडद्यावर संकेत कमजोर दिसला तर तो वेग मान्य करू नका.

मीठपाणी

पडताळणीसाठी मिठाची पद्धत जरूर ठेवा. त्याच नदीच्या वरच्या उताराच्या, अजून उघड्या राहिलेल्या खळखळत्या भागात ती छान बसते, आणि करंट मीटरशी तिचा काही संबंध नसल्याने दोन्ही आकडे जुळले तर खात्री पटते.

प्रत्येक घनमीटर प्रति सेकंदाला साधारण एक ते दोन किलो मीठ धरा. तुमचा विसर्ग पाच-सहा असेल तर सात-आठ किलोपासून सुरुवात करा. वजन काट्यावर करा, पाकिटावरचं धरू नका. नदीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून एकदम ओता. थंड पाण्यात मीठ हळू विरघळतं आणि तळाशी राहिलेला प्रत्येक चमचा विसर्ग फुगवतो. खाली विद्युतवाहकतेचा मीटर दर पाच सेकंदांना नोंद करत ठेवा, मूळ पातळीवर परत येईपर्यंत. शेपटी लवकर कापली तरी विसर्ग जास्तच येतो.

विसर्ग म्हणजे मिठाचं वजन भागिले वाढीव क्षाराच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. वाहकतेवरून क्षार काढायचा गुणक लिटरला मिलिग्रॅममध्ये (वाहकता सेंटीमीटरला मायक्रोसीमेन्समध्ये धरून) साधारण अर्धा येतो, पण तो त्या नदीचंच पाणी घेऊन, त्याच तापमानाला, जागेवर काढा. दोन्ही काठांवर एकेक मीटर लावून दोघांचं क्षेत्रफळ जुळतं का बघा. जुळलं नाही तर मीठ पुरतं मिसळलेलं नाही, ओतायची जागा वर न्या. बर्फाचा चिखल असलेल्या डोहातून ही मोजणी करू नका, मीठ तिथे अडकून संथपणे सुटत राहतं.

तळरेषा

बर्फावरच्या सुरक्षेचं. स्थिर पाण्यावरच्या स्वच्छ, टणक बर्फासाठी एका माणसाला १० सेंटीमीटर हा नेहमीचा किमान आकडा आहे. वाहत्या पाण्यावर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, १५ च्या खाली पाऊलच नको. दुधी पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मीच धरा. पुढचा माणूस दर पावलाला पहारीने ठोकत जाईल, कमरेला दोर, अंगात लाइफ जॅकेट आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हाती. एकाच छेदात जाडी १० पासून ५० सेंटीमीटरपर्यंत बदलू शकते, सर्वांत पातळ बहुधा वेगवान धारेवर, नेमकी जिथे तुम्हाला जास्त छिद्रं हवीत तिथे. वर एखादं वीजघर असेल तर त्याच्या पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारा. सुरूवर चुटक आहे, सिंधूवर निमू-बाजगो. पातळी हलली की काठाचा बर्फ तडकतो.

कपमीटर

मुंबईत सराव कसा करायचा हेही सांगून ठेवतो. बर्फ नाही, पण छिद्राची शिस्त बसवता येते. डिसेंबरात उल्हासवर कर्जतच्या आसपास चालत उतरता येईल असा सरळ छेद घ्या. नेहमीसारखी २५ रेषांची मोजणी करा आणि लगेच त्याच छेदात मीटर २० सेंटीमीटरच्या कड्यातून उतरवून, वरचे ४० सेंटीमीटर ‘बर्फ’ धरून फक्त बिंदू आणि नोंदींचा सराव करा. मोजमापं, हाक, नोंद, पुढची रेषा, ही चाल हातात बसली की तिकडे मीटर हवेत कमी राहतो. तिथे भिवपुरीच्या वीजघराचं पाणी येतं, म्हणून विसर्ग दिवसात बदलतो. गेज सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाचा. मोजणीदरम्यान पातळी हलली तर ती मोजणी तुलनेला घेऊ नका. कल्याणच्या खाली किंवा मिठीच्या मुखाकडे सरावाला जाऊ नका, भरतीने प्रवाह उलटतो आणि कपवाल्या मीटरला उलटसुलट कळत नाही.

सामानाचं: पेट्रोलवर चालणारं छिद्रयंत्र विमानात नेऊ देत नाहीत. हाताने फिरवायचं घ्या आणि पाती दोन जोड, कारण तळाच्या गाळाला लागलं की पात्याची धार जाते. अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. गणकाला लिथियम सेल घाला आणि तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून वायर बाहेर काढा. नोंदी पेन्सिलीने, शाई गोठते. मीठ कारगिलला मिळेल, वजनकाटा मात्र इथूनच तपासून न्या.